कदाचित वगळून

पिंपळथडीला पाहण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. नाशिकला आलेला पाहुणा पंचवटी करतो, पांडवलेण्याच्या पायऱ्यांवर दम लागला की 'किती प्राचीन!' म्हणतो आणि समाधानाने परत जातो. त्याला पिंपळथडीला नेलं तर तो यजमानाशी संबंध तोडील. सायखेड्याला एसटीतून उतरायचं, गोदावरीच्या कडेकडेने चालत राहायचं, की उसाच्या पलीकडे एक उंचवटा लागतो. उंचवट्यावर बाभळी, बाभळींत शेळ्या, आणि शेळ्यांना पाठ घासायला सरकारने रोवलेला एक निळा फलक. हे प्राचीन स्थळ संरक्षित असून त्याची नासधूस करणाऱ्यास शिक्षा होईल, असं त्यावर लिहिलेलं आहे. शेळ्यांनी फलकाचा खालचा भाग घासून पुसून टाकल्यामुळे शिक्षा नेमकी कोणती, हे आता कळत नाही.

या उंचवट्याला गावात 'पांढर' म्हणतात. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढर म्हणजे माणसांनी राहून राहून, चुली पेटवून, राख सांडून, भिंती पाडून पांढरट करून टाकलेली जमीन. पिंपळथडीच्या पांढरीवर तीन हजार वर्षांपूर्वी लोक राहत होते. मग ते गेले. पाऊस पडेनासा झाला असेल, भांडणं झाली असतील, कंटाळा आला असेल. आताचं गाव तिथून हाकेच्या अंतरावर आहे आणि दर उन्हाळ्यात पांढरीची माती गाड्या भरून नेऊन आपल्या धाब्यांवर पसरतं, कारण त्या मातीचं छप्पर पावसात गळत नाही. लोक म्हणतात, जुनं गाव नाहीसं झालं. ते फक्त नव्या गावाच्या डोक्यावर जाऊन बसलं आहे.

या पांढरीचा राखणदार भिकन.

भिकन हे नाव कुणी हौसेने ठेवत नाही. आधीची पोरं जगली नाहीत की पुढच्याला ते मिळतं. भीक मागून आणलेला, म्हणजे फारसा किमती नाही, तेव्हा मरणाने त्याच्याकडे लक्ष देऊ नये, असा त्यामागचा हिशेब. भिकनच्या बाबतीत तो जमला. तो आठनऊ वर्षांचा असताना त्याच्या बापाने बौद्ध धर्म घेतला आणि घरातले देव टोपलीत घालून गोदावरीत सोडले. टोपली लगेच बुडाली नाही, बरीच लांबवर तरंगत गेली, एवढं भिकनला आठवत होतं. बाप त्या दिवसापासून भगताच्या, देवऋषाच्या दाराकडे फिरकला नाही आणि भिकननेही ते पाळलं. देव गेले, पण तान्ही मुलं मरायची काही थांबली नाहीत. फरक इतकाच, की पूर्वी अशा वेळी जाब विचारायला कुणीतरी असे.

त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात पुण्याची मंडळी तंबू घेऊन पांढरीवर उतरली. त्यांच्या प्रमुखांना सगळे 'डॉक्टर' म्हणत. त्यामुळे पहिले काही दिवस तंबूपुढे खोकणाऱ्यांची रांग लागली. हे तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्यांचे डॉक्टर आहेत, हे गावाला पटायला वेळ लागला, आणि पटल्यावर गावाला त्यांची कीव आली. शेवटी त्यांनी तापाच्या गोळ्यांचा एक डबा आणून ठेवला आणि दोन्ही पेशे सांभाळले.

भिकन तिथे मजुरीला लागला. हात हलका म्हणून त्याच्याकडचा टिकाव काढून घेऊन त्याला खुरपी आणि ब्रश देण्यात आला. डॉक्टर सभ्य गृहस्थ होते. बारीक आवाजात बोलत आणि कुठलंही विधान करण्यापूर्वी 'कदाचित' म्हणत. ही कदाचित कणगी असावी. हा कदाचित कुंभाराचा आवा असावा. त्या शास्त्राची निम्मी अक्कल या एका शब्दात असते. तो काढून घेतला तर नुसती मडकी उरतात. पण भिकनला ती डॉक्टरांची बोलायची लकब वाटली. सायखेड्याच्या पोस्टातले मास्तर नाही का दर वाक्याला 'समजलं का' म्हणत? त्यातून डॉक्टर संध्याकाळी "भिकन, कदाचित चहा घ्यावा" असंही म्हणत, आणि चहा तर ते नक्कीच घेत.

त्या हंगामात जुन्या घरांच्या जमिनी उघड्या पडल्या. गोल घरं, मधोमध चूल. आणि जमिनीखाली दोन दोन रांजण, आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवलेले. आत तान्ह्या मुलाची हाडं. डॉक्टर विद्यार्थ्यांना समजावत होते, आणि भिकन घमेलं काखेत धरून मागे उभा होता.

"मोठ्या माणसांना असं पुरत नसत. फक्त तान्ह्यांना. हे दोन रांजण म्हणजे कदाचित आईचं पोट. मूल पुन्हा त्याच घरात, त्याच आईच्या पोटी यावं, अशी कदाचित त्यांची समजूत असावी."

हंगाम संपला. पुण्याची मंडळी खोके भरून निघून गेली. जाताना भिकनला खाकी सदरा मिळाला, पांढरीवरच्या एका खोलीची किल्ली मिळाली आणि दोन कामं मिळाली. कुणाला माती नेऊ द्यायची नाही, आणि कुणी बघायला आलं तर माहिती सांगायची.

पहिल्या कामाने त्याला शत्रू मिळवून दिले. पोलीस पाटील निवृत्तीराव यांची गाडी त्याने पहिल्याच उन्हाळ्यात अडवली. ज्या आजोबांनी पाटलांच्या आजोबांपुढे मान वर केली नव्हती, त्यांचा नातू खाकी सदरा घालून बैलांपुढे उभा राहिला. पाटील गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत.

"भिकन्या, ही माती आमच्या बापजाद्यांनी नेली."

"नेली आसंल पाटील. आता ती सरकारची हाय."

"आन तू?"

"मी बी सरकारचा."

"आस्सं," पाटील म्हणाले आणि गाडी वळवली. ते विसरणाऱ्यांतले नव्हते.

दुसऱ्या कामासाठी गिऱ्हाईक कमी. आम्ही नाशिकची चारपाच माणसं सुट्टीच्या दिवशी पडकी देवळं, वीरगळ, विहिरी असं काहीबाही बघत हिंडायचो. त्या नादात पिंपळथडीला पोचलो. भिकनने शेळ्या हाकलल्या, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि आम्हांला पुरी पांढर फिरवली. आता तिथे खड्डे बुजवलेले होते आणि घरांच्या जागी दगडांची नुसती कडी होती; पण भिकन दारातून आत शिरावं तसा त्या कड्यांत शिरत होता.

"हे सात नंबरचं घर. ही चूल. हितं बाई बसायची. हितं खाली पोर पुरल्यालं व्हतं. दोन मडकी, तोंडाला तोंड. तसं ठिवलं का पोर माघारी येतं. त्याच आईच्या पोटी, त्याच घरात."

आमच्यातल्या वाल्मीकरावांना लोकांच्या वाक्यातल्या चुका दुरुस्त करायची आवड होती. पुण्यात त्यांनी डॉक्टरांचं व्याख्यान ऐकलेलं होतं.

"अरे, येतं असं नाही. डॉक्टर म्हणाले, कदाचित तशी समजूत असावी."

"ते म्हनायचेच ते," भिकन समजुतीच्या सुरात म्हणाला. "सवय व्हती त्यान्ला."

आम्ही हसलो. परतताना एसटीत वाल्मीकरावांनी त्यावर बरंच भाष्य केलं. त्यानंतर आम्ही वर्षातून एकदोनदा तिथे जात राहिलो. पुढचं जे सांगतो आहे त्यातलं काही मी पाहिलं आणि काही भिकनने मला नदीच्या काठावर बसून सांगितलं.

भिकनची बायको लताबाई. तिची दोन मुलं पाठोपाठ गेली होती. दोन्ही नदीकाठच्या वाळवंटात पुरली होती. तान्ह्यांना जाळत नाहीत. आणि पुरात वाळू गेली, तेव्हा तीही गेली. शहात्तर साली पोळ्याच्या सुमारास तिसऱ्या खेपेला मुलगी झाली. तिचं नाव ठरलं होतं सुजाता. ते ठेवायच्या आत तिला ताप आला आणि निफाडच्या दवाखान्याच्या वाटेवर, बैलगाडीतच, ती गेली. गाडी तिथूनच वळवली.

वाळवंटाकडे निघालेल्या भिकनला लताबाईने अडवलं.

"नदीला नाय द्यायची. दोन दिली नदीला."

"मंग कुठं ठिवू?"

"तुमचे ते मडक्यातले माघारी येतात ना? समद्या लोकान्ला सांगता. मंग आपल्याच पोरानं काय केलंय?"

देवांना विचारायची सोय बापाने ठेवलेली नव्हती. भगताकडे जायचं नव्हतं. राहिलं होतं शास्त्र, आणि शास्त्राने तर स्वतःहून, त्याच्यासमोर, विद्यार्थ्यांना सांगितलं होतं.

मडकी होती. त्याच पावसात पांढरीची नदीकडची कड ढासळली होती आणि एक जुनी जोडी उघडी पडली होती. आतलं सगळं वाहून गेलेलं. डॉक्टर आले की द्यायची, म्हणून भिकनने ती खोलीत जपून ठेवली होती. अडचण जागेची होती. भिकनची आई आक्काबाई उंबऱ्यात आडवी झाली.

"घरात? घराचं मसण करतो का भिकन्या?"

भिकनने विचार केला. घराच्या जमिनीखाली पुरत, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. कुणाच्या घराच्या, हे ते म्हणाले नव्हते. सायखेड्याच्या बाजाराचा दिवस होता, गाव रिकामं होतं. दुपारी नवराबायको पांढरीवर गेले. सात नंबरच्या घरात, चुलीशेजारी, जिथे तीन हजार वर्षांपूर्वीची बाई बसत असे तिथे, त्यांनी खड्डा केला. मडक्यांची तोंडं जुळवली. भिकनने माती थरावर थर दाबून अशी भरली, की खणलंय असं वाटू नये. हे कसब त्याला उत्खननानेच शिकवलं होतं.

पुढल्याच साली लताबाईला मुलगी झाली. ती जगली. नाव शिल्लक होतं. तेच ठेवलं, सुजाता.

आता ज्याला गरज असेल त्याने याला योगायोग म्हणावं. लताबाईला ती गरज नव्हती. तिचा हिशेब सरळ होता. ती तिथे आहे म्हणून ही इथे आहे. तिला तिथून हलवलं, तर हिला इथे कोण धरून ठेवणार? भिकन इतकं स्पष्ट बोलत नसे. पण माहिती सांगताना तो सात नंबरच्या घराला लांबून वळसा घालू लागला, आणि त्या घरात कुणाला पाय ठेवू देईना.

एक्याऐंशीच्या हिवाळ्यात डॉक्टर परत आले. केस पिकलेले, चष्मा जाड झालेला. पहिल्या हंगामातल्या घरांच्या खाली आणखी जुनी वस्ती असावी, कदाचित, असं त्यांचं मत झालं होतं. त्यासाठी पूर्वीच्या एका घराच्या जमिनीतून आरपार खाली जायचं होतं. त्यांनी नकाशा पसरला, पेन्सिल फिरवली आणि सात नंबरवर टेकवली.

भिकन आता मजुरांचा मुकादम होता. मुकादमाला फारसे अधिकार नसतात, पण एक असतो. उपसलेली माती कुठे टाकायची, हे तो ठरवतो. उत्खननात सगळ्यांना ठाऊक असतं, की एकदा जिथे मातीचा ढीग पडला तिथे पुन्हा कुणी खणत नाही, कारण ढीग हलवण्यातच हंगाम जातो. पहिले खड्डे नदीकडच्या बाजूला सुरू झाले होते. भिकनने तिथली सारी माती सात नंबरच्या घरावर टाकायला लावली. चार दिवसांत तिथे टेकडी झाली.

डॉक्टर तिच्यापुढे येऊन उभे राहिले.

"भिकन, इथे का टाकली?"

"जवळ पडतं डॉक्टर."

"जवळ? नदीकाठ सोडून चढ चढून इकडे?"

"हितं नाग बी हाय. जुना हाय. मजूर भितात."

"नाग असेल, कदाचित," डॉक्टर म्हणाले. "पण ढीग हलवावा लागेल."

ढीग हलला. भिकनने तो हलवायला शक्य तितका वेळ लावला. सर्वांत आळशी मजूर त्या कामावर लावले, फुटकी घमेली दिली. घरी लताबाई रोज एकच विचारायची, "किती राहिला?" एकदा तिने सुचवलं, की आपणच रात्रीतून काढून आणू. मग स्वतःच म्हणाली, "नको. हलवलं का झालंच की मंग. त्यांनी हलवलं काय न आपन हलवलं काय." डॉक्टरांना सांगून टाकावं, असं भिकनच्या मनात अनेकदा आलं. पण सांगायचं म्हणजे काय? संरक्षित जागेत राखणदारानेच खड्डा केला, सरकारी मडकी वापरली, आणि कुणाला न कळवता मूल पुरलं. नोकरी जाणार ती वेगळीच. पोलीस पाटलांच्या कानावर गेलं, तर मूल कशाने मेलं हे तेच ठरवणार.

ज्या रविवारी आम्ही नाशिकहून गेलो, त्या रविवारी सात नंबरचं काम चाललं होतं. पुण्याची एक विद्यार्थिनी उकिडवी बसून ब्रश फिरवत होती. आमच्याबरोबर बघे म्हणून गावातली बरीच माणसं दोरीपलीकडे उभी होती. निवृत्तीराव पाटील होते. लताबाई होती, सुजाता कडेवर. इतक्या मोठ्या मुलीला कडेवर कशाला घेतलंय, असं मला वाटून गेलं. भिकन खड्ड्याच्या कडेला उभा होता आणि कुणाकडेच बघत नव्हता.

"सर, रांजण!" विद्यार्थिनी ओरडली.

डॉक्टर लगबगीने खाली उतरले. दोन्ही रांजण पूर्ण उघडे झाले, फोटो झाले. जोडी अभंग होती. डॉक्टरांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. त्यांनी वरच्या अंगाने एक रांजण हलकेच सरकवला आणि आत बघितलं.

मी त्यांच्या डोक्यावरच उभा होतो, म्हणून मला दिसलं. आत मूठभर हाडं होती. त्यांच्यात एक काळा दोरा होता, त्यात काळे-पांढरे दृष्टमणी, आणि दोऱ्याला अडकवलेली एक गंजलेली सेफ्टी पिन.

डॉक्टरांनी पिन बघितली. मग ती दोऱ्यासकट मुठीत घेतली आणि मूठ कोटाच्या खिशात घातली. मग वर भिकनकडे बघितलं. त्यात प्रश्न नव्हता.

"काय सापडलं डॉक्टर?" पाटील दोरी ओलांडून पुढे आले होते. त्यांनी वाकून पाहिलं. "हे लय कवळं दिसतंय. कालपरवाचं असल्यावानी. पंचनामा करावा लागंल याचा."

लताबाईने मुलीचं तोंड आपल्या खांद्यावर दाबून धरलं.

"निवृत्तीराव," डॉक्टर म्हणाले, "हे तीन हजार वर्षांपूर्वीचं आहे."

त्या वाक्यात कदाचित नव्हतं. 'कदाचित'शिवाय त्यांच्या तोंडून निघालेलं तेवढं एकच विधान मी ऐकलं, आणि तेवढंच खोटं होतं.

पाटलांनी टोपी सारखी केली. "तुमी म्हंता म्हंजी आसंल. मंग पुन्याला न्या. एवढं जुनं हितं कशापाई ठिवता? का रे भिकन, बरोबर ना? सरकारी हाय म्हनल्यावर सरकारनं न्यावं." आणि ते डॉक्टर काय म्हणतात, याची वाट पाहत तिथेच उभे राहिले.

डॉक्टरांना मान हलवावी लागली. जुनं म्हटलं तर पुण्याला गेलं पाहिजे, नवं म्हटलं तर पंचनामा. तिसरा कप्पा शास्त्रात नाही आणि कायद्यातही नाही.

दुपारच्या सुट्टीत सगळे पांगले. वाल्मीकराव बाभळीखाली डबा सोडून बसले. मी खड्ड्याच्या कडेलाच राहिलो. उठून जावं हे सुचलं नाही. डॉक्टर आणि भिकन खाली होते.

"हे काय केलंस भिकन?"

"तुमीच म्हनला व्हता."

"मी काय म्हणालो होतो?"

"तोंडाला तोंड लावून ठिवलं का पोर माघारी येतं. त्याच घरात."

"मी कदाचित म्हणालो होतो."

"ते तर तुमी चहा मागतानाबी म्हंता."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग अगदी कामाच्या आवाजात म्हणाले, "मडकी मला न्यावीच लागतील. पण आतली माती इथेच चाळायची असते. ती तू चाळ. एकटाच." खिशातून मूठ काढून त्यांनी ती भिकनच्या तळहातावर रिकामी केली.

भिकन दोऱ्याकडे बघत राहिला.

"डॉक्टर, दुसऱ्यांदा पुरलं तर चालतं का?"

"म्हणजे?"

"एकदा काढून पुन्हा पुरल्यालं. जुन्या लोकांत आसं कुठं घावलंय का?"

"मला माहीत नाही, भिकन."

"घावलं नसंल."

"सापडलं असतं तरी ओळखता आलं नसतं."

"आसं," भिकन म्हणाला.

मडकी गेली. भिकननेच ती पेंढा घालून खोक्यात भरली, कारण ते काम त्याचंच होतं. आतलं धोतराच्या फडक्यात बांधून त्याने घरी नेलं. त्या संध्याकाळी सुजाताला ताप चढला. लताबाई नुसती भिकनकडे बघत मुलीचे पाय दाबत बसली. भिकनने तंबूतल्या डब्यातून गोळ्या आणल्या. दोनतीन दिवसांनी ताप उतरला. शास्त्राच्या दृष्टीने गोष्ट इथे संपते.

भिकनने सायखेड्याच्या बाजारात दोन रांजण घेतले. कुंभाराने विचारलं, "एकाच मापाची जोडी कशाला रे? पान्याला एक पुरंल की."

"एक फुटला तर आसावा."

जागेचा प्रश्न या वेळी आक्काबाईने सोडवला. आधी उंबऱ्यात आडवी झालेली तीच म्हातारी. तिने आपली घोंगडी उचलली आणि बोट दाखवलं. "माझ्या हातरुणाखाली खण. म्हातारीखाली कोन बघतंय?" त्यानंतर ती तिथून फारशी उठलीच नाही. दोनेक वर्षांनी वारली तेव्हाही त्याच जागेवर होती.

हे नव्याने पुरणं मोजलं जातं की नाही, हे सांगणारं कुणी नव्हतं. मडकी बाजारातली, माणसं आताची, जागा भलतीच, आणि एकदा उघडून बघितलेलं. डॉक्टर पुन्हा आले नाहीत. त्यांचा अहवाल निघाला, तो वाल्मीकरावांनी मिळवून वाचला. सात क्रमांकाच्या घरात रांजणांची एक जोडी मिळाली, आत काही आढळलं नाही, असं त्यात आहे. वाल्मीकरावांना त्या रविवारचं नीट आठवत होतं, पण अहवालातली चूक दुरुस्त करायला ते या वेळी विसरले.

शहाऐंशीत मी शेवटचा पिंपळथडीला गेलो, वाल्मीकरावांना घेऊन. फलक आडवा झाला होता आणि त्यावर एक शेळी उभी होती. भिकनने सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि माहिती सांगायला सुरुवात केली.

"हे कदाचित सात नंबरचं घर. ही कदाचित चूल व्हती. हितं बाई बसत आसंल, कदाचित."

"वा, भिकन!" वाल्मीकराव खूष झाले. "आता कसं शास्त्रशुद्ध सांगतोस."

भिकन मान खाली घालून पुढे चालू लागला. मडक्यांबद्दल त्याने काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आम्ही खोलीच्या सावलीत बसलो. लताबाई चहा घेऊन आली. बरं आहे ना, म्हणून मी विचारलं, तर तीच सांगू लागली.

"काय सांगू भाऊ, आता घरात बी तेच. पाऊस पडंल का? कदाचित. भाकर खानार का? कदाचित. परवा पोरगी म्हनली, बाबा, मी मोठी झाल्यावर नर्स व्हनार. तर हे काय म्हनावेत? कदाचित! पोर रडाया लागली ना. म्हनं, नर्स व्हनार नाय का मोठी व्हनार नाय?"

"आवं, मी काय वाईट म्हनलो?" भिकन म्हणाला.

"चांगलं बी कुठं म्हनलात?"

तेवढ्यात सुजाता दप्तर घेऊन आली, ते खोलीच्या दारात टाकलं आणि शेळ्यांमागे नदीच्या अंगाने पळाली. नऊदहा वर्षांची, काटक, दोन वेण्यांची. उसाच्या कडेला पोचली आणि आत शिरली. दिसेनाशी झाली. भिकनचा चहा हातातच राहिला. वाल्मीकराव त्याला काहीतरी विचारत होते, ते त्याला ऐकू गेलं नाही. लताबाईनेही बोलणं थांबवलं. दोघं उसाच्या त्या एकाच जागेकडे बघत होते. पातं हललं, शेळी बाहेर आली, तिच्यामागे आणखी एक शेळी आली, आणि मग दोन वेण्या दिसल्या.

"आली," भिकन म्हणाला.

पुढचा शब्दही तो म्हणाला, पण तोंडातल्या तोंडात, आणि चहा प्यायला लागला.